बोलेल त्याची जागा राहील
तुमसरच्या काही नागरिकांचा आणि हॉकीपटूंचा जाहीरनामा

बोलल्याबद्दल कुणाची जागा जाऊ नये. संघातली जाऊ नये, नोकरीतली जाऊ नये, व्हॉट्सॲप ग्रुपमधली जाऊ नये आणि गावातलीही जाऊ नये. या एका मुद्द्यावर आम्ही तुमसरचे काही लोक एकत्र आलो आहोत. चळवळीला अजून नाव नाही. पहिल्याच बैठकीत नावावरून अशी खडाजंगी झाली की शेवटी नाव राहू द्या, कामाला लागा, असे ठरले. बोलण्याच्या हक्काच्या चळवळीला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता.

आमच्यात राईस मिलमध्ये हिशेब लिहिणारे आहेत. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींत कंत्राटावर जाणारे आहेत. वकील आहेत, शिक्षक आहेत, बिड्या वळण्यात उमर गेलेल्या एक आजी आहेत आणि हॉकी खेळणारी पोरे-पोरी आहेत. मतदानाचे म्हणाल तर कमळवाले आहेत, पंजावाले आहेत, घड्याळ आणि तुतारी दोन्हीवाले आहेत, हत्तीचे बटण दाबणारे आहेत आणि कुणालाच न देता नोटा दाबून घरी जाणारेही आहेत. आम्हाला एकमेकांची मते पटत नाहीत. ती पटावीत म्हणून आम्ही जमलेलोही नाही.

निमित्त मैदानाचे झाले. एका कार्यक्रमासाठी मैदानावर मंडप पडला. कुणाचा ते लिहीत नाही, कारण तिथे आजवर सगळ्याच रंगांचे मंडप पडले आहेत. मंडप उठल्यावर मागे काय राहते ते मैदान झाडणाऱ्यालाच माहीत. लोखंडी खुंट्यांची हातभर खोल भोके, सुतळीचे गुंते, वाकलेले खिळे, भाताची शिते वाळून चिकटलेल्या पत्रावळी, आणि चुन्याने आखलेल्या 'डी'वरून आरपार गेलेल्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. हॉकीचा चेंडू जमिनीला धरून पळतो. वाटेत भोक आले की तो उसळतो आणि समोरच्याच्या तोंडावर बसतो. आमच्यातल्या अकरावीच्या एका मुलीने अशा एका भोकाशेजारी आपली स्टिक आडवी ठेवली, फोटो काढला आणि वर एक ओळ लिहून टाकला: मैदान खेळायला आहे की भाषणाला? संध्याकाळपर्यंत फोटो गावभर फिरला. रात्री तिच्या बाबांना फोन आला. फोनवर शिवी नव्हती, धमकी नव्हती. भाऊ, पोरीला जरा समजवा, पुढे खेळाच्या कोट्यातून नोकरी पाहिजे असेल ना तिला, एवढेच बोलणे. फोटो त्याच रात्री डिलीट झाला.

'पुढे नोकरी पाहिजे असेल ना.' हे एक वाक्य आम्ही या तालुक्यात वेगवेगळ्या तोंडून ऐकले आहे. पुढे धानाचे चुकारे वेळेवर पाहिजे असतील ना. घरकुलाच्या यादीत नाव पाहिजे असेल ना. बदली गावाजवळ पाहिजे असेल ना. यात कायदा मोडला जात नाही, पुरावा राहत नाही, आणि माणूस गप्प बसतो. आमची चळवळ या वाक्याविरुद्ध आहे.

भारतीय हॉकीला हे वाक्य फार जुने ओळखीचे आहे. डिसेंबर १९९८मध्ये बँकॉकच्या आशियाई खेळांत भारताने बत्तीस वर्षांनी हॉकीचे सुवर्णपदक मिळवले. कर्णधार होता पुण्याच्या खडकीचा धनराज पिल्ले, दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिका जोडून खेळ शिकलेला. संघातल्या खेळाडूंनी मानधनाचा विषय काढला होता. परत आल्यावर थोड्याच दिवसांत कर्णधार, काही ज्येष्ठ खेळाडू आणि प्रशिक्षक एम. के. कौशिक संघाबाहेर होते. कारण सांगितले गेले विश्रांतीचे. आपल्या भंडाऱ्याजवळ जवाहरनगरलाही दारूगोळा कारखाना आहे, तिथल्या वसाहतीतही पोरे खेळतात. त्यांनी या गोष्टीतून काय घ्यावे? चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेल्या माणसाची ही गत, तर तालुक्याच्या राईट-आऊटने तोंड उघडावे कशाला?

उत्तर अकरा वर्षांनी पुण्यातच मिळाले. जानेवारी २०१०मध्ये दिल्लीचा विश्वचषक तोंडावर असताना बालेवाडीच्या शिबिरात राष्ट्रीय संघाच्या खेळाडूंनी सराव थांबवला. पैसे थकले होते. हॉकी इंडियाने आधी दम भरला की मुकाट्याने मैदानावर या, नाहीतर दुसरा संघ उभा करू. पण या वेळी खेळाडू एकत्र राहिले आणि देशभर लोक त्यांच्या बाजूने बोलायला लागले. काही दिवसांत तडजोड झाली, एकाही खेळाडूची जागा गेली नाही. त्या विश्वचषकात आपण आठवे आलो हे खरे. सलामीला पाकिस्तानला ४-१ हरवले हेही खरे, आणि ते याच संप करणाऱ्या पोरांनी हरवले.

आम्ही १९९८ आणि २०१० शेजारी ठेवून पाहिले. फरक एवढाच दिसला की पहिल्या वेळी बोलणारे सुटेसुटे होते.

व्यावसायिक हॉकीचे नाव काढले की आमच्या पोरांचे डोळे चमकतात, म्हणून त्याबद्दलही स्पष्ट लिहितो. २००५मध्ये प्रीमियर हॉकी लीग आली, काही वर्षांत संपली. २०१२मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी आली. पुणे स्ट्रायकर्स अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि दुसरे वर्ष उगवलेच नाही. ती स्पर्धा भरवणाऱ्यांचे आणि हॉकी इंडियाचे वैर होते. त्यामुळे तिथे खेळावे तर देशाचा संघ जाईल आणि न खेळावे तर पैसे जातील, अशा कात्रीत खेळाडू सापडले. २०१३मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली, २०१७नंतर बंद पडली आणि २०२४च्या अखेरीस राउरकेलात पुन्हा उभी राहिली. लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाख मिळाले. महिलांची लीगही पहिल्यांदाच झाली, रांचीत. छान झाले. पण परत आलेल्या लीगच्या आठ पुरुष संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. धनराजचे राज्य, जोकिम कार्व्हालो आणि वीरेन रस्किन्हाचे राज्य, रिओ ऑलिंपिक खेळलेल्या देविंदर वाल्मीकीचे राज्य, आणि संघ विकत घ्यायला कुणी नाही. मुंबईत पैसा कमी आहे असे कुणी म्हणणार नाही.

मुंबईचा संघ एकेकाळी होता. मुंबई मॅजिशियन्स. जानेवारी २०१३मध्ये, सीमेवर भारतीय जवानांच्या हत्येनंतर, या संघातल्या पाकिस्तानी खेळाडूंविरुद्ध शिवसैनिकांनी चर्चगेटच्या हॉकी स्टेडियमवर निदर्शने केली, सराव बंद पडला आणि दोनच दिवसांत लीगमधल्या सगळ्या नऊ पाकिस्तानी खेळाडूंना परत पाठवले गेले. यावर आमच्यात दोन तट आहेत आणि ते लपवायचे कारण नाही. ते खेळाडू नकोत असे म्हणण्याचा आणि रस्त्यावर उभे राहून ओरडून म्हणण्याचा हक्क निदर्शकांना होता, यावर एकमत. सराव बंद पाडण्याचा हक्क होता का, यावर मत घेतले. बहुमताने नाही. अल्पमतवाले अजून आमच्यातच आहेत आणि दर बैठकीला हा विषय काढतात. काढू द्या.

आता कुणी म्हणेल, तुमसर कुठे आणि लीग कुठे. त्यांना आम्ही फलटण दाखवतो. सातारा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, आपल्यासारखेच. त्या तालुक्यातल्या वाखरीची अक्षता ढेकळे आणि आसूची वैष्णवी फाळके भारताच्या महिला संघातून खेळल्या. शेतकऱ्यांच्या मुली, हाती स्टिक शाळेत आली आणि पुढे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकल्या. मुद्दा शाळेतल्या एका चिकाटीच्या क्रीडाशिक्षकाचा आहे. फलटणला ते जमले, मग तुमसरला न जमायला काय झाले?

दुसरे उदाहरण आमच्याच रेल्वेमार्गावरचे. देव्हाडीला, म्हणजे तुमसर रोड जंक्शनला उभे राहा. हावड्याकडे जाणारी गाडी राउरकेलावरून जाते. राउरकेला सुंदरगड जिल्ह्यात आहे. तिथेही जमिनीखाली खनिज आहे, तिथेही आदिवासी पाडे आहेत, तिथेही पोरे अनवाणी खेळत. त्या जिल्ह्याने दिलीप तिर्की दिला, अमित रोहिदास दिला, दीप ग्रेस एक्का दिली. ओडिशा सरकारने २०१८पासून राष्ट्रीय संघाला प्रायोजकत्व दिले आणि राउरकेलात बिरसा मुंडा स्टेडियम बांधून २०२३च्या विश्वचषकाचे सामने तिथे खेळवले. खनिज आपल्याकडेही आहे. ट्रक आपल्याही रस्त्यावरून जातात, धूळ आपल्याही घरात येते. मैदान तेवढे तिकडे झाले.

टर्फ पाहिजे अशी मागणी करणे सोपे आहे, टाळ्याही पडतात. आम्ही ती आज करत नाही. टर्फला काही कोटी लागतात आणि ओला टर्फ खेळायच्या आधी पाण्याने भिजवावा लागतो. मे महिन्यात अर्धे गाव टँकरची वाट पाहत असताना गवताच्या नकली गालिच्यावर पाणी ओतायचे, हे आमच्या बिडीवाल्या आजीला पटवून दाखवा, मग बोलू. शिवाय हा धानाचा पट्टा. पावसाळ्यात मैदान चार महिने बांधीसारखे भरलेले असते. आधी पाणी वाहून जाईल असा उतार, चारी बाजूंनी कुंपण, मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि संडास, आणि मैदानावर खेळाशिवाय दुसरे काही होणार नाही असा लेखी ठराव. टर्फ जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ द्या. आम्ही गाडीने जाऊ.

पैसा कुठून येईल तेही सांगतो. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चावे लागतात आणि ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण त्या खर्चाच्या यादीत स्पष्ट लिहिलेले आहे. मॉयल ही सरकारी कंपनी, मुख्यालय नागपुरात, खाणी आमच्या तालुक्यात. मागणी तिथे न्यायची. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचाही निधी असतो. त्यातून आधी पिण्याचे पाणी आणि दवाखाने व्हावेत, त्यावर आमचा वाद नाही. मात्र किती आला आणि कुठे गेला, हे प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावे.

हॉकी आपला राष्ट्रीय खेळ, असे भाषणात म्हणणाऱ्यांना एक विनंती. धुळ्याच्या एका शिक्षकाने माहितीच्या अधिकारात विचारले तेव्हा केंद्राने उत्तर दिले की कुठलाच खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. तेव्हा राष्ट्रीय वगैरे राहू द्या. गोलपोस्टला जाळी लावा.

राजकारणावर आमची मते काय, हे विचारले जाणार. एकत्रित मते फारशी नाहीत, पण काही आहेत.

या जिल्ह्याला मतदान कळते. १९५४च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. तेव्हा हा दुहेरी मतदारसंघ होता, प्रत्येकाला दोन मते. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले, राखीव जागेवर बाबासाहेब पडले. दुसरे मत कुजवा, म्हणजे राखीव जागेचे गणित जमेल, असा सल्ला देणारे होते. बाबासाहेबांनी तो मानला नाही. जागा गेली तरी चालेल, मतदाराला मत वाया घालवायला सांगणार नाही, ही त्यांची भूमिका. आपल्या जिल्ह्याने त्यांना पाडले याची खंत इथल्या अनेक घरांत आजही बोलून दाखवली जाते, आणि ती बोलली गेली पाहिजे.

अलीकडचे घ्या. २०१४मध्ये नाना पटोले यांनी इथे प्रफुल्ल पटेल यांना हरवले. डिसेंबर २०१७मध्ये आपल्याच पक्षाच्या नेतृत्वावर जाहीर टीका करत त्यांनी खासदारकी सोडली. त्यांचे पटो वा न पटो, सत्तेतल्या पक्षाच्या खासदाराला बोलण्यासाठी खुर्ची सोडावी लागली, ही गोष्ट आमच्या मुद्द्याचीच आहे. मे २०१८मध्ये पोटनिवडणूक झाली. भर उन्हात मशिनी बंद पडल्या, लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले, कित्येक परत गेले, आणि ४९ केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. निवडून आले तुमसरचे मधुकर कुकडे. तेव्हा मशिनींबद्दल प्रश्न विचारणाऱ्यांना काही जणांनी देशद्रोही ठरवले आणि प्रश्न न विचारणाऱ्यांना काही जणांनी विकले गेलेले. दोन्ही मूर्खपणा. उन्हात मशीन का बंद पडते, हा तांत्रिक प्रश्न आहे आणि तो विचारायला कुणाची परवानगी लागू नये.

त्यानंतर राज्यात पक्ष फुटले, चिन्हे इकडची तिकडे गेली. नगरपरिषदा आणि जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षे प्रशासक बसले आणि निवडणुका घ्या असे अखेर ६ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. मधल्या काळात गटार तुंबले तर कुणाला शिव्या द्यायच्या तेच लोकांना कळेना. निवडून आलेला माणूस निदान पानठेल्यावर खर्रा घोटताना सापडतो, तिथे त्याला धरता येते. प्रशासकाला कुठे धरणार? निवडणूक वेळेवर झालीच पाहिजे, यावर आमचे शंभर टक्के एकमत आहे. एवढ्या एका मागणीवर कमळ आणि पंजा एका सतरंजीवर बसले.

२०२५च्या जुलैत विधिमंडळाने मंजूर केलेल्या जनसुरक्षा विधेयकावर मात्र एकमत नाही. नक्षलग्रस्त गडचिरोली फार लांब नाही, कायदा हवा, असे आमच्यातल्या काहींचे म्हणणे. त्यातल्या व्याख्या इतक्या सैल आहेत की उद्या मोर्चात उभा राहणाराही त्यात बसेल, असे बाकीच्यांचे. बहुमत विरोधात आहे. दोन्ही बाजूंनी आपापले म्हणणे नावानिशी लिहून ठेवले आहे, कुणालाही वाचायला मिळेल.

आता फोनवरच्या बोलण्याबद्दल. गावातले निम्मे राजकारण तिथेच होते, तेव्हा तिथला हक्क किरकोळ समजू नका.

शेजारच्या मोहाडी तालुक्यात, खैरलांजीत, २९ सप्टेंबर २००६ रोजी जमावाने एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारले. पहिल्या बातम्या आतल्या पानावरच्या, चार ओळींच्या, आणि त्यातही मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे. खरी हकिकत शोधपथकांनी गावात जाऊन लिहिली. ती ईमेलवरून, एसएमएसवरून, इंटरनेटवरून महाराष्ट्रभर आणि बाहेरही पोचली. नोव्हेंबरमध्ये भंडारा, नागपूर, अमरावतीत लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा सरकारातून सांगितले गेले की यामागे नक्षलवादी असावेत. सप्टेंबर २००८मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. २०१०मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती २५ वर्षांच्या सक्तमजुरीत बदलली. लोकांनी बातमी हातोहात पुढे नेली नसती तर ती त्या आतल्या पानावरच राहिली असती. ऑनलाइन बोलणे म्हणजे टवाळ पोरांचा टाइमपास, असे या जिल्ह्यात तरी कुणी म्हणू नये.

पुढे काय झाले ते सगळ्यांना आठवत असेल. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न केला, दुसरीने तो लाइक केला, दोघींना अटक झाली. कायदा होता माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ. एका विद्यार्थिनीच्या, श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. सरकारे बदलली, सवय बदलली नाही. ऑक्टोबर २०२०मध्ये नागपूरच्या एका तरुणाला तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांवर ट्विट केल्याबद्दल पकडले. मे २०२२मध्ये एका मराठी अभिनेत्रीला शरद पवार यांच्याबद्दलच्या पोस्टवरून अटक झाली आणि महिन्याहून अधिक काळ ती आत राहिली. पोस्ट हलक्या दर्जाची होती. हलक्या दर्जाची पोस्ट टाकणे हा गुन्हा असेल तर तालुक्याला आणखी दोन कारागृहे बांधावी लागतील.

एक निकाल मात्र आमच्या शेजारचाच आहे आणि तो प्रत्येक ग्रुप ॲडमिनने पाठ करावा. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावच्या पोलिसांनी एका व्हॉट्सॲप ॲडमिनवर गुन्हा नोंदवला होता, कारण ग्रुपमधल्या एकाने एका बाईला घाण बोलले आणि ॲडमिनने त्याला काढले नाही. १ मार्च २०२१ला नागपूर खंडपीठाने तो गुन्हा रद्द केला. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही, दोघांचा संगनमताचा हेतू दाखवावा लागतो, असे न्यायालयाने म्हटले. तरीही निवडणूक आली की 'ॲडमिनवर कारवाई होईल' असे मेसेज फिरतात आणि बिचारा ॲडमिन घाबरून ग्रुपला कुलूप लावतो. आमचे वकील या निकालाची एक पानी मराठी टिपणी छापून वाटणार आहेत. तसेच सरकारबद्दल काय खरे नि काय खोटे ते सरकारी कक्षच ठरवील, हा २०२३चा नियम मुंबई उच्च न्यायालयात टिकला नाही. दोन न्यायमूर्तींचे मत फुटले आणि २० सप्टेंबर २०२४ला निर्णायक मत दिले न्या. अतुल चांदूरकर यांनी, ज्यांची वकिली नागपुरात झाली.

कायद्याने हक्क दिला म्हणजे आपण वाटेल ते ओकावे, असे आम्ही म्हणत नाही. ऑगस्ट २०२१मध्ये टोकियोत महिला संघ उपान्त्य सामना हरला तेव्हा वंदना कटारियाच्या हरिद्वारच्या घरासमोर फटाके वाजवून जातिवाचक शिव्या दिल्या गेल्या. त्याला अभिव्यक्ती म्हणणाऱ्याने आमच्याकडे येऊ नये. झाडीपट्टीची खडी गंमत पाहा. दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर पाटलाची, सावकाराची, पुढाऱ्याची टोपी उडते आणि ज्याची उडते तोच पुढच्या रांगेत बसून हसतो, वर बक्षीसही देतो. बोलण्याचे वळण आपल्याकडे होते. फोन हातात आल्यावर ते गेले, कारण समोरच्याचे तोंड दिसेनासे झाले.

म्हणून आमचे स्वतःसाठीचे नियम, हॉकीतून उचललेले. हॉकीत हिरवे कार्ड मिळाले की खेळाडू दोन मिनिटे बाहेर बसतो आणि परत येतो. पिवळ्याला निदान पाच मिनिटे. लाल मिळाले तर सामना संपला. आमच्या ग्रुपवर शिवी दिली तर दोन दिवस बाहेर. न तपासता फॉरवर्ड टाकला आणि तो खोटा निघाला तर पाच दिवस बाहेर आणि परत आल्यावर खोटे होते हे स्वतः लिहायचे. बाईला धमकी, जातीवरून किंवा धर्मावरून शिवी, यांना लाल. बाकी कशालाही लाल नाही. नेत्यावर टीका केली म्हणून नाही, चळवळीवर टीका केली म्हणूनही नाही. कार्ड दाखवणारा दर महिन्याला बदलेल आणि त्याच्यावरही रेफरल घेता येईल. सही नावानिशी. ज्याला नाव देता येत नाही, म्हणजे नोकरीची किंवा जिवाची भीती आहे, त्याच्यासाठी आमच्यापैकी कुणीतरी आपले नाव लावील, तपासून, जबाबदारी घेऊन.

आणि बोलल्यामुळे कुणाची जागा गेली, तर आम्ही काय करणार? संघातून काढले तर निवडीचे निकष लेखी मागू आणि उत्तर येईपर्यंत बाकीचे सरावाला जाणार नाहीत. बालेवाडीतही सराव असाच थांबला होता. ठाण्यात बोलावले तर दोघे बरोबर जातील, एक वकील आणि एक विरुद्ध पक्षाचा. हा दुसरा माणूस महत्त्वाचा आहे. पंजावाल्याला बोलावले तर कमळवाला बरोबर जाईल, कमळवाल्याला बोलावले तर पंजावाला. असे एकदा झाले की ठाणेदारसाहेबही कागद नीट वाचतात. वडिलांना रात्री फोन आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोटो आमच्यापैकी प्रत्येकाच्या नावाने पुन्हा टाकला जाईल.

त्या मुलीचा फोटो आम्ही असाच टाकला आहे. मंडप कुणाचा होता ते सांगा म्हणून बरेच जण मागे लागले. सांगणार नाही, आम्हाला भोके बुजवून हवी आहेत.

आमच्या मागण्या थोडक्यात, म्हणजे कुणी विचारले नाही असे व्हायला नको. मैदान खेळासाठी राखीव असल्याचा नगरपरिषदेचा ठराव. तालुक्यातल्या प्रत्येक हायस्कूलमध्ये पूर्णवेळ क्रीडाशिक्षक. स्पर्धेच्या बक्षिसाची आणि प्रवासभत्त्याची रक्कम थेट खेळाडूच्या खात्यात, आणि यादी फलकावर. खेळाडूंसाठीच्या पाच टक्के आरक्षणात बोगस प्रमाणपत्रे घुसतात, तेव्हा तालुक्यातून दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र सर्वांना पाहता येईल असे जाहीर करावे. पोस्टवरून कुणावर गुन्हा नोंदवायचा असेल तर त्याआधी त्याला लेखी कारण द्यावे. निवडणुकीत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक उमेदवाराने, पक्ष कोणताही असो, आमच्यासमोर येऊन या पाच गोष्टींवर हो किंवा नाही म्हणावे. नाही म्हटले तरी आम्ही टाळ्या वाजवू. विचार करून सांगतो, म्हणणाऱ्याचे नाव फलकावर लिहू.

२९ ऑगस्टला मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस, राष्ट्रीय क्रीडा दिन. रोवणी आटोपलेली असेल. सकाळी सात वाजता मैदानावर या. फावडे आणि मुरमाची घमेली आम्ही आणतो, तुम्ही हात आणा. भोके बुजवून झाली की सामना होईल, सत्ताधारी पक्षांचे मतदार विरुद्ध विरोधी पक्षांचे मतदार, आणि नोटावाले पंच. नंतर सतरंजीवर बसून या जाहीरनाम्यावर सह्या घेऊ. पटला नसेल तरी या, काय पटले नाही ते खाली लिहा आणि त्याखाली सही करा. तोही कागद आम्ही याच जाहीरनाम्याला जोडणार आहोत.